लोकलच्या डब्यात स्पीकरवर चालणारे फोन: ‘जरा हळू बोला’ हे म्हणायचं कसं?

रातपाळी (सोमवार, दुपारी १.४०)

मी परळला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आठवड्यातून तीन-चार रात्री ड्युटी असते. सकाळी आठला सुटते, परळहून स्लो पकडते, डोंबिवलीला उतरते. गर्दीच्या उलट दिशेची गाडी, त्यामुळे लेडीज डब्यात बसायला मिळतं. त्या वेळी डब्यात बहुतेक माझ्यासारख्याच असतात. नर्स, आया, कॉल सेंटरच्या मुली, ऑफिसं झाडून-पुसून परतणाऱ्या बायका. कुर्ला गेलं की अर्धा डबा झोपतो. ती पाऊण तासाची झोप आमच्यासाठी फार मोलाची आहे, कारण घरी पोचल्यावर स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास वाट बघत असतो.

आज शीवला एक पन्नाशीच्या बाई चढल्या, माझ्यासमोर बसल्या आणि फोन स्पीकरवर टाकून बोलायला लागल्या. गावच्या घराची वाटणी. दिराने कोऱ्या कागदावर सही घेतली, नणंदेने किती तोळे नेले, असं सगळं. पलीकडची बाई रडत होती. मला तिचं नाव कळलं, गाव कळलं, तिच्या नवऱ्याला दवाखान्यात कशासाठी ठेवलंय तेही कळलं. घाटकोपर गेलं, विक्रोळी गेलं, भांडुप गेलं. मुलुंडला मी म्हटलं, “ताई, स्पीकर बंद करता का? सगळ्याजणी रात्रभर जागून आल्यात.” त्या म्हणाल्या, “मी काय तुमच्या घरात बसलेय का? त्रास होत असेल तर एसीने जा.”

डब्यातलं कोणीही बोललं नाही. ज्या मुलीची झोप मोडली होती तिनेसुद्धा मान खिडकीकडे वळवली. नंतर डोंबिवलीपर्यंत त्या बाई आणखी मोठ्याने बोलत होत्या.

घरी येऊन झोप लागली नाही म्हणून लिहायला बसले. माझी झोप गेली हे एक झालं. पण ती पलीकडे रडणारी बाई राहून राहून डोळ्यांसमोर येते. तिने एका माणसाला फोन लावला होता. तिचं दुःख तीस अनोळखी बायका ऐकतायत हे तिला माहीतच नव्हतं. तिला कोणी विचारलं होतं?

मला खरोखर जाणून घ्यायचंय. असं सांगायची योग्य रीत कोणती? तुम्ही कसं सांगता? आणि मी काही चुकीचं बोलले का?

चौथीसीट (सोमवार, दुपारी २.१५)

तुम्ही चुकला नाहीत. शब्दही नीट वापरलेत.

बाकीच्या गप्प का बसल्या ते सांगतो. रोजची गाडी, रोजचा डबा, रोज त्याच बायका. एकदा भांडण झालं की पुढे वर्षभर त्याच तोंडाकडे बघत प्रवास करावा लागतो, म्हणून माणसं सोसतात. पण सोसणाऱ्या वीस जणी आणि बोलणारी एक असं असलं की बोलणारीच भांडखोर ठरते. तुमच्या बाजूने एखादीने नुसतं “हो ना ताई, करा बंद” म्हटलं असतं तरी चित्र पालटलं असतं.

दुसरं, हे आधी नव्हतं. आपल्याकडे १९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडायचे आणि आलेल्या फोनलाही पैसे लागायचे. मिस्ड कॉल देऊन निरोप कळवायची पद्धत आठवत असेल. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, २०१६ नंतर महिन्याच्या पॅकमध्ये हवं तितकं बोला असं झालं. चर्चगेटला लावलेला फोन विरारला ठेवायची सोय पैशांनी केली. आवाजाची शिस्त काही त्या पॅकबरोबर आली नाही.

विरारफास्ट (सोमवार, दुपारी ३.०५)

माझं मत वेगळं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पंचवीस वर्षं विरार लोकलने जातोय. लोकलमध्ये कधी शांतता होती? भजनी मंडळं टाळ-मृदंग घेऊन चढायची, आजही चढतात. पत्त्यांचे डाव पडतात. लेडीजमध्ये मटार सोलले जातात, हळदीकुंकू होतं, दसऱ्याला डब्याला हार-तोरणं लागतात. या शहरात दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. त्यांना मनातलं बोलायला घरात जागा नसते, तेव्हा ती गाडीत बोलतात. त्या बाईंना कदाचित घरी सासरच्या माणसांसमोर हे बोलता येत नसेल.

विरारला सकाळी डब्यात पाय ठेवायला मिळाला तरी आम्ही देवाचे आभार मानतो. त्यात फोनच्या आवाजाची तक्रार मला जड जाते.

रातपाळी (सोमवार, दुपारी ३.४०)

विरारफास्ट, घरात जागा नसते हे अगदी खरं आहे, मीही त्यातूनच गेलेय. पण भजन आणि हा फोन एका पंक्तीत बसत नाहीत. भजन डब्यासाठीच म्हटलेलं असतं, वाटलं तर आपणही टाळी धरतो. भाजी निवडणारी बाई आपल्यालाही दोन जुड्या देते. फोनवरच्या बोलण्यात मला जागा नाही, पण कान झाकायचीही सोय नाही. आणि मनातलं बोलायला जागा हवी असेल तर ते स्पीकरवर तीस जणींना ऐकवून कसं होणार?

वसईची (सोमवार, दुपारी ४.१०)

भजनालाही सरसकट सूट नको हो. मला अर्धशिशी आहे. बंद खिडक्या, पावसाळा आणि कानाशी झांज वाजली की वसई रोड येईस्तोवर डोळ्यांपुढे अंधारी येते. श्रद्धेचा विषय म्हणून कोणी बोलत नाही, एवढंच. “सगळ्यांसाठी आहे” असं म्हणणाऱ्याने सगळ्यांना विचारलेलं नसतं.

कर्णवेध (सोमवार, रात्री ९.२०)

मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. “इतर आवाज चालतात, फोनच का खटकतो” या प्रश्नाचा नीट अभ्यास झालेला आहे.

ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तोच संवाद एकदा दोन माणसांनी समोरासमोर केला, एकदा एकाने मोबाइलवर केला, तोही प्रवाशांच्या आसपास, कधी साध्या आवाजात तर कधी मोठ्याने. नंतर त्या प्रवाशांना विचारलं. आवाज तेवढाच असूनही फोनवरचं बोलणं लोकांना जास्त जाणवलं आणि जास्त टोचलं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात असं दिसलं की संवादाची एकच बाजू कानावर पडली की लक्ष लागणाऱ्या कामात माणसाच्या चुका वाढतात. दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तितक्या वाढत नाहीत. आपला मेंदू पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत असतो. अर्धंच बोलणं आलं की अंदाज चुकतो आणि मेंदू ते सोडून देऊ शकत नाही. पाठीमागे दोन मैत्रिणी बोलत असताना आपल्याला डुलकी लागते, पण “हो... नाही... काय सांगतेस!” सुरू झालं की लागत नाही, ती यामुळे.

आता बोलणाऱ्याची बाजू. गोंगाट वाढला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला न विचारता. १९११ साली लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे दाखवलं, म्हणून याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. लोकलची दारं उघडी, पंखे घरघरतात, समोरून दुसरी गाडी जाते. बोलणाऱ्याला वाटतं आपण साधंच बोलतोय. गाडी स्टेशनात थांबते, गोंगाट एकदम खाली येतो, पण चढलेला आवाज लगेच खाली येत नाही. नेमकं तेव्हा अख्ख्या डब्याला ऐकू जातं.

त्यात फोनची भर. जुन्या लँडलाइनच्या रिसिव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत सोडलेला असे. साइडटोन म्हणतात त्याला. त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळायचं. स्पीकरवर ती सोय उरत नाही. कान गच्च बंद करणारे इअरबड घातले की बाहेरची गाडी ऐकू येत नाही, स्वतःचा आवाज बोथट येतो आणि अंदाज चुकतो.

म्हणजे मोठ्याने बोलणारी बरीच माणसं उर्मट नसतात, त्यांना कळलेलंच नसतं. रातपाळी, तुम्हाला भेटलेल्या बाई त्यातल्या नव्हत्या, कारण सांगूनही त्यांनी आवाज चढवला. पण पुढच्या वेळी जो कोणी भेटेल त्याला कळलेलं नसावं असं धरून चाला. बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

एसीपास (सोमवार, रात्री १०.३५)

“एसीने जा” हे ऐकून लिहावंसं वाटलं. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ ला एसी लोकल सुरू झाली तेव्हापासून मी तिने जातो. मे २०२२ मध्ये तिकीट जवळपास निम्मं झालं तेव्हापासून गर्दीही वाढली. या गाडीत दारं बंद असतात, बाहेरचा खडखडाट आत येत नाही. पण साध्या डब्यात घसा ताणून बोलायची लागलेली सवय माणसं तशीच आत घेऊन येतात. साध्या लोकलमध्ये जो आवाज चार जणांना ऐकू जातो, तो इथे पार पुढच्या दारापर्यंत जातो.

इथे वाटण्यांऐवजी मीटिंगा असतात. मागच्या महिन्यात माझ्या शेजारी बसलेला एक जण कोणाला कामावरून काढायचं ते फोनवर ठरवत होता. पूर्ण नाव, पगार, “तिला लहान मूल आहे, ती जमवून घेईल”, सगळं. ती बाई याच गाडीने जात असती तर? तिची बहीण माझ्या मागे बसलेली असती तर? कर्णवेध म्हणतात तसं त्याला आवाजाचा अंदाज नसेल. पण विषयाचा अंदाज तर हवा. काही बोलणी कितीही हळू केली तरी गाडीत करायची नसतात. मी त्या दिवशी त्याला काही बोललो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बँकेतली (मंगळवार, सकाळी ८.१०)

एसीपास यांना +१. मी एका बँकेच्या शाखेत काम करते. अंधेरी ते वांद्रे एवढ्या वेळात एका मुलीने पलीकडच्या माणसाला कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे, मुदत संपायची तारीख आणि मागचे तीन आकडे वाचून दाखवले. दोनदा, कारण पलीकडे नीट ऐकू गेलं नव्हतं. मग ओटीपी. मी उठून तिच्याजवळ गेले, हळूच म्हटलं, “बाळा, हे आत्ता मला पाठ झालंय. कार्ड लगेच बंद कर.” ती पांढरीफटक पडली. दादरला उतरून तिने कार्ड ब्लॉक केलं, मी थांबले होते तिच्यासोबत.

जन्मतारीख, आधारचा नंबर, आईचं माहेरचं नाव हे डब्यात मोठ्याने सांगू नका. घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही हे शिकवा.

संगमेश्वर_ते_कळवा (मंगळवार, सकाळी ९.४५)

हा धागा वाचून गप्प बसवत नाही. डब्यात मोठ्याने बोलणारा तो माणूस मी आहे.

माझे बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून संगमेश्वरजवळ गावात एकटेच राहतात. इकडे यायला तयार नाहीत. कमी ऐकू येतं, यंत्र आणून दिलं होतं ते पेटीत पडून आहे. मी सीएसएमटीला संध्याकाळी सातच्या सुमाराला गाडीत बसतो आणि फोन लावतो. तेव्हा त्यांचं जेवण व्हायचं असतं, आठच्या पुढे ते आडवे होतात. “जेवलात का? गोळी घेतलीत का? पांढरी गोळी! पांढरी!” असं मी रोज ओरडतो. लोक बघतात ते मला दिसतं. ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही, मी काय करू?

पावसाळ्याच्या आधी एकदा माझ्यासमोरच्या दोन तरुण मुलांनी माझी नक्कल केली. “पांढरी! पांढरी!” आजूबाजूचे हसले. मी फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा त्यांच्या दारात जाऊन बसले होते, “मुलाचं काहीतरी झालंय” म्हणून. त्या दिवसापासून मी पुन्हा ओरडतो.

रातपाळी ताई, तुमची झोप मोडणं चूकच आहे. तुमची बाजू मला समजते. पण मला कोणीतरी मार्ग सांगा.

कर्णवेध (मंगळवार, सकाळी १०.३०)

संगमेश्वर_ते_कळवा, एक गोष्ट ऐका, तिचा उपयोग होईल. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा साधारणपणे बारीक, तीव्र आवाज आधी जातात. स, श, फ, त, थ यांसारखी व्यंजनं त्या पट्ट्यात येतात. जाड, खालचे आवाज बराच काळ ऐकू येत राहतात. त्यामुळे त्यांना आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. म्हणून ओरडून फारसा फायदा होत नाही.

खालच्या पट्टीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोला. एका वेळी एकच गोष्ट विचारा. “पांढरी” कळत नसेल तर तोच शब्द पुन्हा न म्हणता “सकाळची गोळी” म्हणून बघा. आणि मुख्य म्हणजे लोकलमधून नको. तुमच्याकडचा गाडीचा खडखडाट फोनमधून त्यांच्या कानात जातो आणि उरलेसुरले शब्द त्यात बुडतात. शांत जागेतून पाच मिनिटं बोलणं गाडीतल्या वीस मिनिटांपेक्षा त्यांना जास्त कळेल. पेटीतलं यंत्र मात्र एकदा त्यांना घेऊन जाऊन नीट जुळवून घ्या. बहुतेक वेळा यंत्र टोचतं किंवा शिट्टी मारतं म्हणून ठेवून दिलेलं असतं.

मध्यरात्र_बोरिवली (मंगळवार, रात्री १२.५०)

एक बाजू राहिली आहे. मी रात्री साडेअकरानंतर लेडीजमधून येते. डब्यात पोलीस असतो हे खरं, पण मालाडनंतर कधीकधी आम्ही दोघी-तिघीच उरतो. तेव्हा मी फोनवर बोलते, मुद्दाम थोडं मोठ्याने. “हो, कांदिवली गेलं, दादा स्टेशनवर उभा आहेस ना?” कधी पलीकडे कोणी नसतंही. दुसरी कोणी तसं बोलत असली की मला बरं वाटतं.

नियम करताना आमचा विचार ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

कायद्याचं_बोलू (बुधवार, सकाळी ११.००)

नियमांचा विषय निघालाय म्हणून थोडक्यात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ मध्ये गाडीत उपद्रव करणाऱ्याला उतरवण्याची, तिकीट किंवा पास जप्त करण्याची आणि शिक्षेची तरतूद आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सूचना काढल्या, की रात्री दहानंतर मोठ्याने फोन किंवा गाणी चालणार नाहीत आणि तक्रार आल्यास गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी लक्ष घालायचं. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये मोठ्याने फोनवर बोलायला आणि इअरफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला मनाई केली, पोलीस कायद्याच्या कलम ३८ आणि ११२ च्या आधाराने. रेल्वेच्या तक्रारीसाठी १३९ क्रमांक आहे.

पण मी वकील असूनही सांगतो, कळव्याला चढून दिव्याला उतरणाऱ्या माणसाच्या आवाजासाठी कलम घेऊन कोणी येणार नाही आणि येऊही नये. कलम त्यासाठी ठेवा जो शिवीगाळ करतो, अंगावर येतो.

तिकीटतिकीट (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

नमस्कार. मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होतो, आता निवृत्त. सूनबाईंनी हा धागा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, बाबा, तुम्ही लिहा. त्या टाइप करतायत, मी सांगतोय.

माणसाला चारचौघांत टोकलं की तो चुकीचा असला तरी मागे हटत नाही. कारण आता सगळे त्याच्याकडे बघत असतात आणि त्याला आपली अब्रू वाचवायची असते. मी नवीन होतो तेव्हा मागच्या दारातून ओरडायचो, “ओ भाऊ, आवाज कमी!” रोज भांडण व्हायचं. मग आमच्या डेपोतल्या एका जुन्या कंडक्टरने सांगितलं, जवळ जा. तेवढंच सांगितलं.

तेव्हापासून मी तिकीट द्यायच्या निमित्ताने त्या सीटपाशी जायचो, वाकायचो आणि त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू बोलायचो. आपण हळू बोललो की समोरचाही हळू बोलतो, हे मी हजार वेळा बघितलंय. काय म्हणायचो? “तुम्ही त्रास देताय” असं कधीच नाही. “साहेब, तुमच्या घरचा पत्ता पुढच्या सीटपर्यंत ऐकू जातोय” असं म्हणायचो. माणूस चटकन गप्प व्हायचा, बऱ्याचदा आभारही मानायचा. कोणी आजारी असेल, लहान मूल झोपलं असेल तर नुसतं तिकडे बोट दाखवायचं. झोपलेल्या बाळाकडे बघून आवाज चढवणारा माणूस मला एकतीस वर्षांत भेटला नाही.

आणि बघायचं की तो कशासाठी ओरडतोय. एकदा सायनच्या पुलावर एक बाई किंचाळून बोलत होत्या, बस सगळी वैतागलेली. मी जवळ गेलो तर त्यांच्या मुलाला अपघात झाला होता आणि कुठल्या रुग्णालयात नेलंय तेच कळत नव्हतं. मी त्यांच्यासाठी बस थांबवली, टॅक्सी करून दिली. त्याच बसमधले वैतागलेले लोक पैसे काढून देत होते.

ती २०२३ ची नोटीस निघाली त्याचा कंडक्टरांना उपयोग झाला. आधी आम्ही सांगितलं की “तू कोण सांगणारा?” यायचं. नोटीस असली की माझ्या मनाचं नसतं, बसचं असतं. पण आता कितीतरी बसमध्ये कंडक्टरच नाही, तिकीट स्टॉपवर मिळतं. ड्रायव्हरने रस्ता बघायचा की फोन? जवळ जाणारं माणूस उरलं नाही, आता प्रवाशांनीच जवळ जायला हवं.

बेटी रातपाळी, तू बरोबर बोललीस. फक्त समोरच्या सीटवरून बोललीस. पुढच्या वेळी उठून तिच्या शेजारी बस.

चौथीसीट (बुधवार, संध्याकाळी ७.०५)

काका, तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रुपच्या डब्यात वाचून दाखवणार आहे.

इअरफोन_विसरले (बुधवार, रात्री ९.४०)

मी कॉलेजात आहे. फोनवर बोलण्यापेक्षा रील्सचा त्रास मोठा आहे हे माझ्या वयाच्या मुलांनी कबूल करायला हवं. तेच पंधरा सेकंदांचं गाणं वीस वेळा. बोलणाऱ्याला निदान काहीतरी सांगायचं असतं.

आणखी एक अडचण म्हणजे भाषेची. मी एकदा मराठीत “काका, आवाज कमी करा ना” म्हटलं तर समोरून आलं, “हिंदी में बोलो.” मी मराठीतच उत्तर दिलं आणि पाच मिनिटांत अख्खा डबा भाषेवर भांडत होता. रील मात्र चालूच होतं. आता मी कानाशी हात नेऊन आवाज कमी करायची खूण करते, हसते आणि हात जोडते. खुणेला भाषा लागत नाही. दहातले सात-आठ तरी ऐकतात. ज्याच्याकडे इअरफोन नसतात तो फोन बंदच करतो.

विरारफास्ट (गुरुवार, सकाळी ७.५०)

कंडक्टर काकांचं वाचलं आणि एसीपास यांचं ते कामावरून काढण्याचं वाचलं. लोकल आवाजाचीच राहणार, हे मत मी बदललेलं नाही. पण स्पीकरबद्दल माझं चुकलं. पलीकडच्या माणसाला न सांगता त्याचा आवाज डब्यात सोडणं याचा मी विचारच केला नव्हता. काल बायकोचा फोन आला तेव्हा आधी सांगितलं, “गाडीत आहे, शेजारी माणसं आहेत, घरचं घरी बोलू.” ती जे सांगणार होती ते खरंच चारचौघांत ऐकायचं नव्हतं.

भजनाबद्दल मात्र वसईच्या ताईंशी मी भांडायला तयार आहे. ताई, तुमच्या डब्यात नको, आमच्या डब्यात राहू द्या.

वसईची (गुरुवार, सकाळी ८.२०)

मंजूर. झांजेऐवजी टाळी वाजवलीत तर मी ऐकायलाही येईन.

रातपाळी (शुक्रवार, दुपारी १२.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा रात्र करून आले.

विद्याविहारला एक मुलगी चढली, विशी-बाविशीची, आणि मोबाइलवर मालिका लावून बसली, पूर्ण आवाजात. मला समोरूनच बोलायची सवय, ओठावर आलं होतं. मग उठले, तिच्या शेजारी जाऊन बसले. काही बोलले नाही, पलीकडच्या बाकावर एक आया बाई तोंडावर पदर घेऊन झोपल्या होत्या त्यांच्याकडे बोट दाखवलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, आवाज बंद केला आणि मला म्हणाली, “सॉरी, माझं लक्षच नव्हतं.” नाहूरला तीच माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. डोंबिवलीला तिला उठवताना मला वाईट वाटलं. तिला कल्याणला जायचं होतं, मी उगाच उठवलं.

सोमवारच्या त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. दिसल्या तर मी त्यांच्या शेजारी बसणार आहे, आणि आधी विचारणार आहे की त्या रडणाऱ्या ताईंचं पुढे काय झालं.

संगमेश्वर दादा, बाबांचं काय ठरलं?

संगमेश्वर_ते_कळवा (शनिवार, रात्री ९.३०)

सांगतो. बुधवारपासून गाडीत फोन लावत नाही. कळव्याला उतरतो, पुलाच्या पायऱ्या उतरून रिक्षा स्टँडच्या पलीकडे शांत कोपरा आहे तिथे उभा राहतो. कर्णवेध यांनी सांगितलं तसं खालच्या पट्टीत, एकेक शब्द. पहिल्याच दिवशी गोळीचं एकदा विचारलं आणि त्यांना कळलं. मला तिथेच रडू आलं. यंत्राचं दिवाळीत रत्नागिरीला घेऊन जायचं ठरवलंय.

पण काल बाबा म्हणाले, “हल्ली गाडी ऐकू येत नाही तुझी.” मला समजेना. म्हणाले, “शब्द नाही रे लागायचे मला, कधीच नाही लागायचे. गाडी ऐकू यायची. तू घरी चाललायस एवढं कळायचं.”

आज बसल्यावर फोन लावला. फक्त “बाबा, निघालो” म्हटलं, हळू. मग मिनिटभर काही न बोलता फोन खिडकीच्या गजांपाशी धरून बसलो. शेजारच्यांनी विचारलं काय करताय, त्यांना सांगितलं. त्यांनी पाय आवरून मला खिडकीकडे सरकायला जागा दिली.